हाडांना ओझं लागतं

भिंतीला टेकवून एक साधी, बिनहाताची खुर्ची ठेवा. तिच्यावर बसा, दोन्ही हात छातीवर फुली मारून घ्या आणि हातांचा आधार न घेता ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण ताठ उभं राहून परत बसता येतं ते मोजा. वयस्कर माणसांची पडण्याची जोखीम ताडायला फिजिओथेरपिस्ट हीच चाचणी वापरतात. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांतली ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. सत्तरीत हा आकडा १०, ८० ते ८४ या वयात ९.

तिशी-चाळिशीतल्या बाईनेही हे करून बघावं. आकडा चांगलाच येईल, पण विसाव्या सेकंदाच्या आसपास मांड्या भरून आल्या तर त्यात एक गोम आहे. रोज नेमाने तासभर चालणाऱ्या बाईचंही असं होऊ शकतं. चालण्याने दम वाढतो, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहायला मदत होते, मन हलकं होतं. ते सोडू नयेच. पण खुर्चीतून उठायला लागणारी ताकद चालून फारशी वाढत नाही, आणि हाडं तर रोजच्या चालण्याला जवळजवळ भीकच घालत नाहीत.

बायकांना व्यायाम सांगितला जातो तो बहुतेक वेळा वजन उतरवण्यासाठी. वजनकाट्याला मात्र चरबी, स्नायू, हाड, पाणी यांतला फरक कळत नाही. नुसतं खाणं तोडून पाच किलो उतरवले आणि त्यातला किलोभर स्नायूंचा गेला, तरी काट्यावर सगळं छानच दिसतं. साठीनंतर जिना चढताना तो किलो आठवतो. म्हणून माझं म्हणणं असं, की बाईने व्यायामाचा हिशेब ‘किती उतरलं’ यापेक्षा ‘किती उचलता येतं’ यावर मांडावा. का, ते समजून घ्यायला हाडांपासून सुरुवात करावी लागेल.

हाड स्वस्थ बसत नाही

हाड म्हटलं की सांगाड्यातला पांढरा, कोरडा दांडा डोळ्यांपुढे येतो. जिवंत शरीरातलं हाड तसं नसतं. वर्दळीच्या रस्त्यासारखं तिथे काम कायम चालू असतं: एक टोळी जुना भाग उखडत पुढे जाते, मागून दुसरी टोळी येऊन खड्डा भरते. उखडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. लहानपणी आणि वयात येताना भरणाऱ्यांची सरशी असते. मुलीच्या हाडांचा जवळजवळ ९० टक्के साठा १८ वर्षांपर्यंत तयार झालेला असतो. तिशीच्या उंबरठ्यापर्यंत त्यात थोडी भर पडते, मग काही वर्षं जमाखर्च सारखा राहतो आणि नंतर हळूहळू घट सुरू होते.

या सगळ्यात उखडणाऱ्या पेशींना आवर घालण्याचं काम इस्ट्रोजेन हे हार्मोन करतं. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि हा आवर सुटतो. मेनोपॉजनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. पुरुषांमध्येही हाडं झिजतात, पण अशी अचानक घसरगुंडी तिथे नसते. जगभरात पन्नाशी ओलांडलेल्या साधारण दर तीन बायकांत एकीचं हाड पुढे ठिसूळपणामुळे मोडतं. बहुधा मनगट, मणका किंवा खुबा. यातलं खुब्याचं प्रकरण सगळ्यात वाईट. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, आणि वाचलेल्यांतले पुष्कळ जण पुन्हा पहिल्यासारखे आपले आपण हिंडू-फिरू शकत नाहीत.

आता ओझ्याचं. हाडाच्या आत सूक्ष्म कालव्यांचं जाळं असतं आणि त्यात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. हाडावर भार आला की ते केसभर वाकतं, कालव्यांतला द्रव हलतो, आणि ती हालचाल या पेशींना कळते. ‘इथे भार येतोय, इथलं बांधकाम वाढवा’ असा निरोप त्या पुढे धाडतात. भार आलाच नाही तर निरोप उलटा जातो. अवकाशवीरांचं हेच होतं: वजनरहित अवस्थेत कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का उतरते, तीही तरुण, धडधाकट माणसांची.

हाडाला किती भार पुरतो, याचं उत्तर मला फार गमतीचं वाटतं. १९८४ साली रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर यंत्राने भार देऊन पाहिलं. दिवसाला फक्त चार वेळा भार दिला तर हाड झिजायचं थांबलं. ३६ वेळा दिला तर नवं हाड तयार झालं. १,८०० वेळा दिला तेव्हा मात्र ३६ पेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. म्हणजे हाड लवकर ऐकतं आणि लवकर कंटाळतं. त्याला थोडा, पण जोरकस, झटक्याचा आणि सवयीबाहेरचा भार लागतो. नुसतं एका जागी उभं राहून ओझं धरण्याचा उपयोग कमी, आणि तोच तो सवयीचा भार हजारो वेळा देण्याचाही कमी. चालण्याकडे हाडं का दुर्लक्ष करतात ते इथे कळतं. दिवसाचं ८,००० वं पाऊल हाडासाठी पहिल्या पावलापेक्षा वेगळं काही सांगत नाही. पोहणं आणि सायकल हृदयासाठी उत्तमच आहेत, पण पाण्यात शरीर तरंगतं आणि सायकलवर भार सीट घेते. व्यावसायिक सायकलपटूंच्या मणक्याची हाडं पातळ निघालेली आहेत.

याचा उलटा पुरावा टेनिसपटूंच्या हातात सापडतो. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्या बायकांच्या दोन्ही दंडांची हाडं मोजली, तर रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा ठळकपणे दणकट निघतं. बाई तीच, हार्मोन तेच, खाणं तेच. फरक फक्त बसलेल्या दणक्यांचा. ज्यांनी पाळी सुरू होण्याआधी किंवा त्याच सुमारास खेळायला सुरुवात केली, त्यांच्यात हा फरक उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त दिसला. दोरीच्या उड्या, लंगडी, पकडापकडी, उंचावरून उडी मारणं हे मुलीच्या हाडांचं खरं काम आहे. ‘मोठी झालीस, आता उड्या मारू नकोस’ हे वाक्य नेमकं ज्या वयात ऐकवलं जातं, त्याच वयात हाडांना उड्यांची सर्वांत जास्त गरज असते.

मग ज्यांचं ते वय कधीच सरलं त्यांनी काय करायचं? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांची घनता कमी झालेल्या, मेनोपॉज उलटलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. निम्म्यांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं दिली: डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं, पाठीवर बार घेऊन स्क्वॉट, म्हणजे उठाबशा, डोक्यावर वजन ढकलणं, आणि बारला लोंबकळून खाली दाणकन उतरणं. वजन हलकंफुलकं नव्हे. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० ते ८५ टक्के. बाकीच्या निम्म्यांनी घरी हलका व्यायाम केला. जड वजनांच्या गटात कमरेच्या मणक्याची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली, हलक्या गटात सुमारे १ टक्क्याने घटली. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्या वयात आकडा खालीच जायचा, तिथे तो वर गेला. आणि कुणाचा मणका मोडला नाही.

यात एक मेख आहे. हे सगळं तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत, आधी महिनाभर हलक्या वजनाने नीट पद्धत शिकवून झालं होतं. ज्यांना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा विकार, असल्याचं निदान झालंय, त्यांनी व्हिडिओ बघून घरच्या घरी उड्या मारायला लागू नये, आणि पाठ गोल करून पुढे वाकण्याचे व्यायाम तर टाळावेतच. ठिसूळ मणक्याला ते झेपत नाहीत.

स्नायू: भीती कशाची आणि काळजी कशाची

तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायू नुसते उचलाउचलीसाठी नसतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याची सगळ्यात मोठी जागा तीच. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. पीसीओएस हा अंडाशयाचा आणि हार्मोनचा विकार असलेल्या मुलींना किंवा मधुमेहाच्या काठावरच्या बायकांना वजन तसूभरही न हलता व्यायामाचा फायदा होतो, तो यामुळेही. काटा हलत नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्या बायका हा फायदा हातचा घालवतात.

वजनं उचलून अंग पुरुषी होईल, ही भीती अजून जात नाही. स्नायू फुगवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण प्रौढ पुरुषाच्या रक्तात बाईपेक्षा १५ पट किंवा त्याहून जास्त असतं. स्पर्धेत उतरणाऱ्या बायका तसं शरीर कमवायला वर्षानुवर्षं खपतात; आठवड्यातून दोन दिवस डंबेल उचलून ते चुकून होत नसतं. उलट पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताकद वाढते तेव्हा स्नायूचा आकार फारसा बदललेलाही नसतो. मेंदू आणि नसा असलेल्याच स्नायूला जास्त जोराने कामाला लावायला शिकतात.

वयाची अट यालाही नाही. १९९० साली बोस्टनमधल्या वृद्धांच्या संस्थेत दहा जणांना, सरासरी वय ९०, आठ आठवडे पायांच्या ताकदीचा जड व्यायाम दिला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांतल्या दोघांनी चालताना लागणारी काठी सोडली. नव्वदीत!

बायकांना हे कुणी सांगितलं का नाही

व्यायाम आणि हृदय यांचं नातं दाखवणारा गाजलेला अभ्यास जेरी मॉरिस यांचा, १९५३ सालचा. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून असायचे, कंडक्टर जिने चढउतार करायचे. कंडक्टरांना हृदयविकार कमी व्हायचा. अभ्यास सुरेख आहे, पण त्यातले सगळेच्या सगळे पुरुष. पुढेही बरीच दशकं संशोधनात हेच चाललं. पाळीमुळे आकडे ‘अस्थिर’ होतात, ही सबब हाताशी होतीच. आज जगात बायकांच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. २०१९ मध्ये साधारण ३५ टक्के मृत्यू त्यांमुळे झाले. तरी छातीत दुखतंय म्हणणाऱ्या बाईला अजूनही ‘टेन्शन घेऊ नका’ असं ऐकावं लागतं.

मैदानावरही तीच तऱ्हा. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी त्या कोसळल्याच्या रसभरीत कहाण्या छापल्या. शर्यत काढून टाकली गेली, ती थेट १९६० मध्ये परत आली. १९६६ साली बॉबी गिब हिला बोस्टन मॅरेथॉनच्या आयोजकांनी कळवलं की बायकांचं शरीर एवढं धावू शकत नाही. ती झुडपात लपून राहिली, शर्यत सुरू झाल्यावर घुसली आणि तीन तास एकवीस-बावीस मिनिटांत धावून मोकळी झाली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं.

याच्या कितीतरी आधी मेरी पटनम जेकोबी या डॉक्टरणीने पाळीत बायकांना सक्तीची विश्रांती लागते का, याचा शोध घेतला होता. तिने बायकांना प्रश्नावल्या पाठवल्या, पाळीच्या आधी, दरम्यान आणि नंतर नाडी आणि स्नायूंची ताकद मोजली. धडधाकट बाईला पाळीपुरतं काम थांबवण्याची गरज नाही, असा तिचा निष्कर्ष होता. या निबंधाला १८७६ मध्ये हार्वर्डचं बॉयलस्टन पारितोषिक मिळालं. म्हणजे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच हातात होतं.

पाळी, बाळंतपण आणि खालचा मजबूत तळ

पाळीत व्यायाम चालतो. पाळीत पोट दुखणाऱ्या बायकांनी आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास व्यायाम केला तर दुखणं कमी होतं, असं छोट्या-छोट्या अभ्यासांच्या बेरजेतून दिसलंय. त्या दिवशी अंगात त्राण नसेल तर कमी करा, नसेल जमत तर सोडा. दोन दिवसांनी काही बिघडत नाही. सध्या मात्र पाळीच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा व्यायाम सांगणारी वेळापत्रकं आणि अ‍ॅप फार झाली आहेत. आत्तापर्यंतचा पुरावा बघता पाळीच्या टप्प्यानुसार ताकदीत पडणारा फरक अगदी नगण्य आहे. आपल्या अंगाकडे लक्ष द्यावं, त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

पाळीकडे लक्ष द्यायचं ते दुसऱ्या कारणासाठी. भरपूर व्यायाम आणि अपुरं खाणं असं चालू असेल तर शरीर काटकसरीला लागतं, आणि पहिली कात्री पाळीवर चालवतं. पाळी गेली म्हणजे इस्ट्रोजेन उतरलं, आणि विशीतल्या मुलीची हाडं पन्नाशीतल्या बाईसारखी झिजायला लागली. धावपटू, नर्तकी, जिम्नॅस्ट यांच्यात हे हमखास दिसतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला ‘रेड-एस’ असं नाव दिलंय. तीन महिने पाळी आली नाही आणि गरोदरपण नाही, तर ‘सराव जोरात चाललाय म्हणून’ असं म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरकडे जावं. याउलट पाळीत फार रक्त जात असेल आणि चार पायऱ्यांत दम लागत असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासून घ्यावं. लोह कमी असताना शिस्तीचा अभाव म्हणून स्वतःला कोसण्यात अर्थ नाही.

खेळणाऱ्या मुलींसाठी एक महत्त्वाची गोष्ट: उड्या आणि झटकन वळण्याच्या खेळांत गुडघ्यातला एसीएल लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दोन ते आठ पट असतं. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात, हे त्याचं एक कारण. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं उतरण्याची, वळण्याची आणि मांड्यांच्या ताकदीची तालीम केली, तर या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. किती प्रशिक्षक ते करून घेतात, हा वेगळा प्रश्न.

गरोदरपणात ‘हलू नकोस’ हा सल्ला आता जुना झाला. सगळं सुरळीत असेल तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, जोडीला ताकदीचा. त्याने गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांची जोखीम घटते. किती जोर लावायचा हे ओळखायची सोपी खूण: व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाता नाही आलं तरी चालेल. पडण्याची किंवा पोटाला मार लागण्याची भीती असलेले खेळ नकोत, दिवस वाढले की फार वेळ उताणं पडून व्यायाम नको. रक्तस्राव, पाणी जाणं, गरगरणं, छातीत दुखणं, ठरावीक अंतराने कळा येणं, यांपैकी काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबायचं. वार खाली असणं किंवा प्रीक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढणं, अशा अवस्थांत तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

आणि आता ज्याबद्दल बायका आपापसांतही दबक्या आवाजात बोलतात ते. शिंकलं, हसलं, उडी मारली की थेंबभर लघवी होते. जगभरात तिघी-चौघींत एकीला हा त्रास असतो. बाळंतपणानंतर किंवा वय वाढल्यावर हे व्हायचंच, असं समजून पॅड लावून दिवस काढले जातात, आणि मग हळूच व्यायामच बंद होतो. दुखणं असं कोपऱ्यात ढकलल्याने पुढे हाडं आणि हृदय दोघांचंही नुकसान होतं.

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक झोळणा ताणलेला असतो, त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवट यावर टेकलेले असतात. अमेरिकेतले डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंचा व्यायाम मांडला, आणि आजही लघवी गळण्यावर पहिला उपाय तोच. करायचा असा: गुदद्वार आवळा, वारा अडवताना आवळतो तसं. मग तीच पकड पुढे आणून लघवीचा मार्ग आवळा आणि सगळं आतून वर खेचा. पोट, मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. पाच-दहा सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. लघवी चालू असताना मध्येच थांबवून याचा सराव करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. पुष्कळ जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेतलेलं बरं. ज्यांना त्या जागी दुखतं किंवा शरीरसंबंधात वेदना होतात, त्यांचे हे स्नायू आधीच आखडलेले असू शकतात. त्यांनी केगेल आपल्या मनाने सुरू करू नये.

बाळंतपणानंतर हलकं चालणं आणि हा व्यायाम लवकर सुरू करता येतो. धावायला मात्र साधारण तीन महिने थांबावं. सिझेरियन झालं असेल तर पोटाचे एकावर एक थर शिवलेले असतात. त्वचेवरचा टाका सुकला म्हणजे आतलं सगळं जुळलं असं नाही.

पाळी जाताना आणि गेल्यावर

मेनोपॉजच्या काळात व्यायाम काय करतो याबद्दल खरं ते सांगायला हवं. अंगातून वाफा निघणं, घामाघूम होणं, यावर व्यायामाचा खात्रीशीर उतारा आहे असं सिद्ध झालेलं नाही. जी बाई त्याने बेजार झाली आहे तिला ‘जरा चालत जा’ म्हणणं म्हणजे वाटेला लावणं आहे. तिच्यासाठी वेगळे उपचार आहेत, हार्मोनचेही, आणि त्यांबद्दल डॉक्टरशी बोलावं. पण झोप, मूड, पोटाभोवती जमणारी चरबी, वाढतं कोलेस्टेरॉल आणि अर्थात हाडं, या सगळ्यांसाठी व्यायामाचा उपयोग आहे. स्तनांच्या कर्करोगाची जोखीमही नियमित व्यायाम करणाऱ्यांत थोडी कमी आढळते.

साठीनंतर तोल हा स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा लागतो. हाड मोडायला आधी पडावं लागतं. तोल आणि पायांची ताकद यांवर काम करणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी होतं. ओट्याला हात टेकून एका पायावर उभं राहणं, टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालणं, ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम, हे सगळं त्यात येतं. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस असा व्यायाम करायला सांगते.

किती, आणि कुठून सुरू करायचं

प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम, आणि निदान दोन दिवस ताकदीचा. पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे, दुसरा गाळला जातो. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत असा नियम होता, तो २०२० मध्ये काढून टाकला. घाईघाईने चढलेला जिनाही मोजला जातो. घरकामही हालचालीतच धरतात. फक्त हाडं आणि स्नायू त्याला कधीच सरावलेले असतात, त्यामुळे त्याने दमायला होतं पण ताकद वाढत नाही. दिवसभर राबून वर ‘व्यायाम कर’ ऐकणाऱ्या बाईचा संताप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच वेळ तुटपुंजा असेल तर आठवड्यातले दोन अर्धे तास ताकदीला द्यावेत, असं मी म्हणेन.

त्यात पाच हालचाली पुरतात: बसून उठणं, म्हणजे स्क्वॉट, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं, काहीतरी दूर ढकलणं, मग ते भिंतीवरचे पुश-अप का असेनात, काहीतरी स्वतःकडे ओढणं, आणि हातात ओझं घेऊन चालणं. जिम असेल तर उत्तम, नसेल तर पाण्याने भरलेल्या बाटल्या, पुस्तकांची पिशवी, रबरी पट्टा. आठ ते बारा वेळा केल्यावर शेवटचे दोन नको-नको वाटले पाहिजेत. न थांबता वीस-पंचवीस सहज होत असतील तर वजन हलकं आहे. गुलाबी रंगाचं एक किलोचं डंबेल त्याच मापाचं असतं, आणि बायकांना नेमकं तेच हातात दिलं जातं. बाई त्याहून जड पिशव्या रोज वाहत असते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखतील, ते चालतं. सांध्यात टोचणं, कळ जाणं, सूज येणं चालत नाही. रक्तदाब, हृदयविकार, जुनं फ्रॅक्चर असेल तर आधी विचारून घ्यावं. व्यायाम करताना छाती आवळली, जबडा किंवा खांदा दुखायला लागला, मळमळून घाम फुटला, तर ते दमणं समजून पुढे रेटू नये. बायकांमध्ये हार्ट अटॅक पुष्कळदा असाही येतो.

एक वही ठेवावी. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, एवढंच. मोबाइलवर लिहिलं तरी हरकत नाही. महिन्याभराने मागची पानं चाळली आणि आकडे तेच ते दिसले, तर हाडांनी ऐकणं थांबवलंय असं समजून पुढच्या वेळी एक-दोन किलो वाढवायचे.